जुनें विमान पारखावें कसें?

मुंबईच्या दक्षिण टोकाकडे, कफ परेडच्या उंच इमारतींच्या पायथ्याशीं, मच्छीमार नगर ही कोळ्यांची वस्ती आहे. पुढें बॅक बेचें पाणी, मागें मोठमोठ्या कचेऱ्या, आणि मधल्या चिंचोळ्या किनाऱ्यावर होड्या. जून-जुलैंत मासेमारीस बंदी असते. ते दिवस होड्या वर ओढून त्यांची डागडुजी करण्याचे. अशा वेळीं एखादी जुनी होडी विकाऊ असली, तर ती घेऊं पाहणारा जाणता तांडेल तिच्या रंगाकडे पाहत नाहीं. रंग कालच दिलेला असूं शकतो. तो होडीच्या पोटाखालीं शिरतो. फळीवर टकटक करून आवाज भरीव येतो कीं पोकळ तें ऐकतो. खिळ्याभोंवतीं लांकूड काळें पडलें आहे काय, तें पाहतो. संशय आलाच तर सुरीचें टोक रोंवून पाहतो. आणि किंमत विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारतो: ही होडी गेलीं दोन वर्षें कोठें उभी होती?

विमानाच्या भाषणांत होडी कशाला, असें श्रोत्यांस वाटणें साहजिक आहे. परंतु ज्यांना आज जुनीं विमानें म्हणून मान मिळतो, तीं १९२० ते १९५० च्या दरम्यानचीं लहान विमानें पुष्कळशीं होडीच्याच जातीचीं आहेत. लांकडाच्या तुळया, लांकडाच्या फासळ्या, सांध्यांत सरस, वर ताणून बसविलेलें कापड. बहुतेकांची घडण ही अशी. म्हणून जुनें विमान स्वस्तांत मिळवून तें पुन्हां उडतें करावें अशी हौस ज्यास आहे, त्यानें त्या तांडेलाची दृष्टि आधीं उसनी घ्यावी. जुन्या विमानाचें खरें मोल त्याच्या रंगांत नसतें, एंजिनाच्या आवाजांतहि नसतें. तें दोन गोष्टींत असतें: विमान किती वर्षें कोरड्या जागीं राहिलें, आणि त्याचा इतिहास किती प्रामाणिकपणें लिहून ठेवला गेला.

ह्या हौसेचा मुंबईशीं संबंध जुना आहे. मच्छीमार नगरापासून त्याच पश्चिम किनाऱ्यानें उत्तरेस गेलें कीं जुहू लागतें. तेथें १९२८ सालीं विमानाचें मैदान झालें व बॉम्बे फ्लाइंग क्लबाची स्थापनाहि त्याच सालची. ता. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानांत दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. पुढें ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं ते पस मॉथ जातीच्या एका लहान विमानांतून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेचा हा आरंभ होय. तेव्हांचें जुहू म्हणजे समुद्राकांठची चिखलवट. पावसाळ्यांत मैदान पाण्याखालीं जाई, आणि टाटांच्या विमानांना चार महिने पुण्यास बिऱ्हाड हलवावें लागे. ज्या मैदानावर उतरतां येत नाहीं तें सोडणें भागच होतें. पण दमट हवा लांकडी विमानास मानवत नाहीं, ही गोष्टहि पावसाळ्याशीं निगडितच आहे.

पन्नास वर्षांनंतर, ता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, टाटांनीं तोच प्रवास पुन्हां एकट्यानें केला. ह्या वेळीं त्यांच्या हातीं लेपर्ड मॉथ जातीचें विमान होतें. हीं दोन्ही विमानें इंग्लंडांतील डी हॅविलंड कारखान्याचीं, दिसावयास सख्ख्या बहिणींसारखीं. मात्र आंतील घडण निराळी. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर १९३३ च्या लेपर्ड मॉथचा प्लायवुडचा. म्हणजे १९८२ सालीं कच्छच्या रणावरून व गुजराथेवरून जें विमान आलें, तें पंचेचाळीस वर्षांहून जुन्या, सरसानें जोडलेल्या लांकडाचें होतें आणि त्याला एकच एंजिन होतें. वैमानिकाच्या धैर्याचें कौतुक सर्वांनीं केलें, आणि तें योग्यच होतें. पण त्या धैर्याला आधार होता तो ज्या मिस्त्र्यांनीं प्रत्येक सांधा तपासला होता त्यांच्या हातांचा. जुन्या विमानाच्या खरेदींत काय पणाला लागतें हें ह्यावरून ध्यानांत यावें. पैसा बुडाला तर पुन्हां मिळवितां येतो; सांधा हवेंत सुटला तर दुसरी संधि नाहीं.

आतां असें विमान शोधावें कोठें? भारतांत दोन घराणीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें टायगर मॉथ. हें दोन पंखजोड्यांचें, उघड्या बैठकीचें शिकाऊ विमान. जगभर तीं आठ हजारांहून अधिक बांधलीं गेलीं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडील अनेक फ्लाइंग क्लबांत त्यांवरच तरुण शिकले. दुसरें पुष्पक. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यानें हें १९५८ सालीं प्रथम उडविलें व पुढें सुमारें दीडशें तयार केलीं. त्याच्या आराखड्यामागें डॉ. विष्णु माधव घाटगे हे होते. मूळचे कोल्हापूरकडील हे गृहस्थ जर्मनींत गटिंगन येथें प्रांटल ह्या थोर शास्त्रज्ञापाशीं शिकून आले होते. पुष्पकास दोन बैठका शेजारीशेजारी, नव्वद अश्वशक्तीचें एंजिन, आणि अंगावर कापड. राजेशाही असें त्यांत कांहीं नाहीं, आणि तोच त्याचा गुण आहे. टायगर मॉथवर आज देशोदेशींच्या संग्राहकांचा डोळा असतो; पुष्पकाकडे अजून फारसें कोणी पाहत नाहीं. जुन्या क्लबांच्या छपराखालीं, विमानदुरुस्ती शिकविणाऱ्या संस्थांच्या कोपऱ्यांत, पंख काढून भिंतीशीं टेकविलेलीं अशीं विमानें आढळतात. परवडणारें विमान हवें असणारानें पहिली चौकशी तेथें करावी.

परंतु ‘स्वस्त’ ह्या शब्दाचे तीन अर्थ आहेत. एक, आज उडत असलेलें परंतु साध्या जातीचें विमान. त्याची किंमत जास्त दिसते, पण पुढचा खर्च मोजतां येतो. दुसरें, उडणें थांबलेलें पण सर्व भाग जागेवर असलेलें व कोरड्यांत ठेवलेलें विमान. तिसरें, पेट्यांतून भरलेले सुटे भाग. ह्या पेट्या सर्वांत कमी पैशांत मिळतात आणि शेवटीं सर्वांत महाग पडतात. कारण काय आहे हें दिसतें, काय नाहीं हें दिसत नाहीं. एखादी कमान, एखादा विशिष्ट मापाचा बोल्ट, एंजिन धरणारी चौकट, ह्यांतील एक जरी हरवली असली तरी ती नव्यानें, मान्य मापानें व मान्य धातूनें करवून घ्यावी लागते. सामान्य हौशी माणसाचें हित बहुधा मधल्या प्रकारांत असतें.

मधल्या प्रकारचें विमान सांपडलें, कीं परीक्षेचा आरंभ लांकडापासून करावा. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे जाणारी जी मुख्य तुळई असते, तिच्यावर सर्व भार असतो. ती बहुधा स्प्रूस नांवाच्या सरळ धाग्याच्या, वजनास हलक्या लांकडाची असते. कुजलेलें लांकूड रंगानें ओळखूं येतें, पण त्याहून कपटी दोष एक आहे. भलत्या दाबानें लांकडाचे धागे आंतल्याआंत चिरडतात आणि धाग्याला आडवी, केंसाएवढी बारीक रेघ उमटते. ती रेघ तिरप्या प्रकाशांत, भिंगाखालीं शोधावी लागते. अशी तुळई हाताला टणक लागते, आणि भार येतांच मोडते. पंखाचें टोक कधींकाळीं जमिनीस घासलें असेल तर ही रेघ हटकून शोधावी.

त्यानंतर सरस. पूर्वीच्या विमानांत दुधांतील केसीन ह्या द्रव्यापासून केलेला सरस पुष्कळ वापरीत. कोरड्या हवेंत तो दीर्घकाळ टिकतो. ओल लागली कीं त्यावर बुरशी चढते आणि सांध्याची पकड जाते. पुढें कृत्रिम राळेचे सरस आले व ही अडचण बरीच कमी झाली, पण संपली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांतील मॉस्किटो हें जलद विमान जवळजवळ सर्वस्वी लांकडाचें होतें. १९४४ च्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत त्या जातीच्या कांहीं विमानांचे पंख हवेंत मोडून अपघात झाले, व तपासांत पंखांचे सरसाचे सांधे सुटलेले आढळले. दोष बांधणीच्या हयगयीचा किती आणि येथल्या उष्ण, दमट हवेचा किती, ह्यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. खरेदीदारास त्या वादांत शिरण्याचें कारण नाहीं. त्याच्यापुरता बोध स्पष्ट आहे: सांधा डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय चांगला मानूं नये. पंखाच्या पोटांत पाहण्यासाठीं झांकणें असतात. तीं उघडावीं, आणि पाहण्यापूर्वीं वास घ्यावा. बंद ट्रंकेसारखा कुबट वास आला तर आंत ओल शिरलेली आहे असें धरून चालावें.

कापडाचें भय त्या मानानें कमी. पूर्वी लिनन किंवा उत्तम सूती कापड ताणून शिवीत व त्यावर डोप नांवाचा द्रव चढवीत. तो सुकतांना आकसतो आणि कापड तबल्याच्या पुडीसारखें ताठ होतें. ऊन हा कापडाचा वैरी. वर्षानुवर्षें उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचें कापड वरून चकचकीत आणि आंतून जीर्ण असूं शकतें. पण कापड हें बदलण्यासाठींच असतें. हल्लीं त्या जागीं कृत्रिम धाग्याचें कापड बसवितात व तें अधिक टिकतें. उलट कापड फाटकें असेल तर खरेदीदाराचा एक लाभहि होतो: किंमत उतरते, आणि आंतील लांकूड उघडें पाहावयास मिळतें. नव्या कोऱ्या कापडाखालीं झांकलेल्या जुन्या लांकडाची शंका मात्र अधिक घ्यावी.

पुष्पकासारख्या विमानांत अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असतो. समुद्राकांठीं राहणाऱ्या कुटुंबांस खिडकीच्या गजांचा गंज परिचित आहेच. नळीचा गंज त्याहून वाईट, कारण तो आंतून लागतो. पाणी सांगाड्याच्या शेपटीकडील सखल भागांत सांचतें, म्हणून तेथील खालच्या नळ्या आधीं तपासाव्यात. अणकुचीदार हत्यारानें दाबतांच नळी खचली तर ती आंतून गेलेली आहे. अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी दिसली, किंवा रंगाला फोड आले, तर तीहि खाऱ्या हवेचीच खूण समजावी.

एंजिनाकडे सर्वांत शेवटीं वळावें, जरी विकणारा मनुष्य बहुधा तेंच सर्वांत आधीं सुरू करून दाखवितो. एंजिन काढून, खोलून, सुधारून पुन्हां बसवितां येतें. खर्च मोठा असतो पण अंदाज करतां येतो. पंखा हातानें हळू फिरवून प्रत्येक सिलिंडरांत दाब सारखा लागतो काय हें पाहण्याची जुनी रीत आहे. मात्र तें काम अनुभवी माणसाखेरीज कोणीं करूं नये. अशा एंजिनांत ठिणगी मॅग्नेटो उत्पन्न करतो, त्यास बॅटरी लागत नाहीं. बटण बंद असलें तरी आंतील एखादी तार तुटलेली असल्यास पंखा हिसक्यानें सुरू होऊन हात तुटूं शकतो. उभा पंखा हा नेहमीं जिवंत आहे असेंच समजावें.

येथवर वस्तूची परीक्षा झाली, आतां कागदांची. होडीचा इतिहास तांडेल शेजाऱ्याकडून ऐकतो. विमानाचा इतिहास त्याच्या नोंदवह्यांत असतो. तें किती तास उडालें, कोणता भाग केव्हां बदलला, कोणत्या अपघातानंतर काय दुरुस्ती झाली व ती कोणीं तपासली, हें सर्व तेथें तारीखवार पाहिजे. ‘डाव्या पंखाचें टोक घासलें’ अशी वीस वर्षांपूर्वींची एक ओळ आज त्या पंखाची तुळई उघडण्यास पुरेसें कारण आहे. मधलीं चार-पांच वर्षें कोरीं असतील तर तीं कां कोरीं आहेत हें विचारावें. विमानावरील पत्र्याचा अनुक्रमांक कागदांशीं जुळतो काय तेंहि पाहावें. भारतांत विमानास ‘व्हीटी’ अक्षरांनीं सुरू होणारी नोंदणी असते, आणि उडण्यास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचें योग्यतेचें प्रमाणपत्र लागतें. १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा आतां २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानें घेतली आहे. पण नोंदणी व प्रमाणपत्र ह्यांवांचून विमान उडवितां येत नाहीं हें तत्त्व तेंच आहे. नोंदवह्या हरवलेलें विमान फुकट मिळालें तरी तें उडण्यासाठीं घेऊं नये.

आणखी एक व्यवहारी कसोटी आहे. ज्या विमानाचीं भावंडें पुष्कळ तेंच घ्यावें. युद्ध संपल्यावर कानपूर येथें परकीयांनीं टाकून दिलेलीं, मुद्दाम निकामी केलेलीं मोठीं लिबरेटर बाँबफेकी विमानें पडून होतीं. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनीं १९४८ च्या सुमारास त्या ढिगाऱ्यांतून चाळीस-एक विमानें पुन्हां उभीं केलीं, आणि आपल्या वायुसेनेनें तीं १९६८ पर्यंत वापरलीं. हें साधलें त्याचें एक कारण असें कीं एकाच जातीचीं पुष्कळ विमानें जवळजवळ होतीं. एकाचें जें मोडलें होतें तें दुसऱ्याचें शाबूत होतें. लहान विमानासहि हाच न्याय लागू आहे. एकुलतें एक, दुर्मिळ असें यंत्र संग्रहालयास शोभतें. ज्याचे भाग व ज्याचे जाणकार मिळतात असें साधें यंत्र हौशी माणसास तारतें. जाणकारांचें महत्त्व केवढें, तर आपल्या वायुसेनेनें स्वतःचें एक जुनें टायगर मॉथ पूर्ववत् करण्यासाठीं विलायतेंतील कारागिरांकडे पाठविलें, आणि तें २०१२ सालीं वायुसेनेच्या ऐंशीव्या वर्धापनदिनाच्या संचलनांत उडालें.

एवढी परीक्षा झाल्यावर मनाशीं एक निर्णय प्रामाणिकपणें करावा लागतो. हें विमान आकाशासाठीं घ्यावयाचें कीं दालनासाठीं? लांकूड गेलेलें, कागद तुटलेले, पण रूप शाबूत असलेलें विमान शाळेच्या किंवा संग्रहालयाच्या दालनांत उभें राहून शेंकडों मुलांना कांहीं शिकवूं शकतें. त्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो दालनाच्या योग्यतेचें विमान हट्टानें आकाशांत नेण्यांत. असा हट्ट बहुधा पैसा संपत आल्यावर सुरू होतो. आधींच इतका खर्च झाला आहे, आतां थांबावें कसें, ह्या विचारानें माणूस एखादी शंकास्पद तुळई चालवून घेतो. म्हणून खरेदीपूर्वींच एका परवानाधारक एंजिनीयरास बरोबर न्यावें, त्याचें मत लिहून घ्यावें, आणि तें मत विकणाराच्या नव्हे तर आपल्याच उत्साहाच्या विरुद्ध उपयोगी पडावें म्हणून जपून ठेवावें. एकट्याच्या खिशास भार झेपत नसेल तर चार-सहा मित्रांनीं मिळून मालकी घ्यावी. खर्च वांटला जातो, आणि एकाच्या मोहावर दुसऱ्याचा डोळा राहतो.

विमान घेण्याआधीं एक गोष्ट मात्र मिळवावी, ती म्हणजे कोरडी जागा. मुंबईकरानें आपलें जुनें विमान समुद्राच्या वाऱ्यावर ठेवण्यापेक्षां खानदेश-विदर्भाकडील कोरड्या हवेंत भाड्याचें छप्पर पाहावें. तेथें जाण्यायेण्याचा त्रास पत्करावा. जें विमान तीस वर्षें चांगलें राहिलें, तें दोन पावसाळ्यांच्या निष्काळजीपणानें जाऊं शकतें.

मच्छीमार नगरांतील होडीस समुद्रांत भेग पडली तर कोळी बादलीनें पाणी उपसतो, भेगेंत चिंधी ठांसतो, आणि कसाबसा किनाऱ्यास लागतो. विमानास ही सोय नाहीं. त्याचें सगळें उपसणें व ठांसणें जमिनीवर असतांनाच व्हावें लागतें. म्हणून किंमत ठरविण्यास बसण्यापूर्वीं तांडेलाचा तो साधा प्रश्न प्रत्येक खरेदीदारानें विसरूं नये: हें विमान इतकीं वर्षें कोठें उभें होतें? ह्याचें उत्तर समाधानकारक मिळालें, आणि नोंदवह्यांनीं त्यास दुजोरा दिला, तर पुढें पाऊल टाकावें. नाहीं तर नमस्कार करून परत फिरावें. दुसरें विमान मिळतें.